धूर कोणी घातला? : स्मोकी ब्लेंडेड माल्टच्या आस्वादाविषयी

व्हिस्कीविषयी मराठीत लिहिले गेले ते बहुतेक तीन वाटांनी. एक व्यसनमुक्तीची, दुसरी गझलेतल्या प्याल्याची आणि तिसरी मैफिलींच्या आठवणींची. तिन्ही वाटा आपापल्या जागी योग्य आहेत. पहिली तर सर्वांत योग्य. ज्या राज्यात गावोगावच्या बायका ‘आडवी बाटली’साठी मतदानाच्या रांगा लावतात, तिथे दारूच्या चवीवर लिहिणाऱ्याने आपण कशाबद्दल लिहितो आहोत याचे भान ठेवलेच पाहिजे. पण या तिन्ही वाटांवर पेल्यातला पदार्थ मात्र कुठेच भेटत नाही. तो कोणी घडवला, कशाचा घडवला, अमुक चव त्यात का आहे आणि ती तिथे असायला हवी होती का, हे प्रश्न आपण चित्राला विचारतो, बंदिशीला विचारतो, अलीकडे चित्रपटाच्या पार्श्वसंगीतालाही विचारू लागलो आहोत. पेल्याला विचारत नाही. प्रस्तुत लेखात मी ते एका लहानशा प्रकाराला विचारणार आहे: धुराची चव असलेल्या ब्लेंडेड माल्ट स्कॉचला.

मी या व्यवसायातला नाही आणि रसायनशास्त्राचा पदवीधरही नाही. पंधरा-सोळा वर्षांचे वाचन, नातेवाइकांनी ड्यूटी फ्रीच्या दोन लिटरच्या मर्यादेत बसवून आणलेल्या बाटल्या आणि टिपणांच्या सहा वह्या, एवढेच माझे भांडवल. एक बाटली मला चार-पाच महिने पुरते, कारण मी ती पिण्यापेक्षा हुंगतो अधिक, अशी घरात तक्रार आहे.

आधी संज्ञांचा निकाल लावू. ‘सिंगल माल्ट’ म्हणजे एकाच पिंपातली व्हिस्की असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. एकाच डिस्टिलरीत, केवळ मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये गाळलेली ती सिंगल माल्ट. मग ती शेकडो पिंपे एकत्र करून का बनवलेली असेना. त्यात मका, गहू अशा धान्यांपासून उंच स्तंभासारख्या यंत्रात काढलेली हलकी ग्रेन व्हिस्की मिसळली की झाली ‘ब्लेंडेड स्कॉच’. ब्लॅक लेबल, टीचर्स, व्हॅट ६९ या साऱ्या त्या घराण्यातल्या. ‘ब्लेंडेड माल्ट’ या दोहोंच्या मधे उभी असते. तिच्यात ग्रेनचा थेंबही नसतो, पण तिच्यातले माल्ट दोन, चार, क्वचित दहा डिस्टिलऱ्यांतून आलेले असतात. हे नाव तिला कायद्याने दिले ते २००९ मध्ये. त्याआधी तिला ‘व्हॅटेड माल्ट’ म्हणत, आणि काही जण ‘प्युअर माल्ट’ म्हणत.

‘प्युअर’ या शब्दाची कथा सांगण्याजोगी आहे. कार्डू नावाच्या स्पेसाइडमधल्या सिंगल माल्टला स्पेनमध्ये एवढी मागणी आली की माल पुरेना. २००३ मध्ये डियाजिओ या तिच्या मालक कंपनीने तिच्यात इतर डिस्टिलऱ्यांचे माल्ट मिसळायला सुरुवात केली आणि ‘सिंगल’च्या जागी ‘प्युअर’ हा शब्द घातला. बाटली जवळपास तीच, नाव तेच. प्रतिस्पर्ध्यांनी, विशेषतः विल्यम ग्रँट अँड सन्सने, रान उठवले आणि २००४ मध्ये कंपनीला माघार घ्यावी लागली. पुढच्या नियमावलीने ‘प्युअर’ बाद केला आणि ‘ब्लेंडेड माल्ट’ सक्तीचा केला. ग्राहकाची फसवणूक थांबली हे उत्तमच झाले. पण एका निरपराध प्रकाराच्या कपाळी ‘ब्लेंडेड’ हा शिक्का बसला, आणि तो शब्द ऐकताच ‘म्हणजे भेसळच की’ असे म्हणणारी माणसे माझ्या ओळखीत कमी नाहीत.

वास्तविक मिश्रण हाच जुना प्रघात. एडिनबरोच्या ॲण्ड्रू अशरने १८५३ मध्ये ‘ओल्ड व्हॅटेड ग्लेनलिव्हेट’ बाजारात आणली ती वेगवेगळ्या पिंपांतल्या व्हिस्क्या एकत्र करून. १८६०च्या कायद्याने करभरणा होण्यापूर्वीच माल्ट आणि ग्रेन मिसळण्याची मुभा दिली आणि तिथून ब्लेंडेड स्कॉचचे साम्राज्य उभे राहिले. याउलट सिंगल माल्ट देशोदेशी विकण्याचा निर्धाराने केलेला प्रयत्न ग्लेनफिडिकचा, तो १९६३चा. ‘क्लासिक माल्ट्स’ या नावाने सहा सिंगल माल्ट्सची मालिका आली १९८८ मध्ये आणि मायकेल जॅक्सन (तो नव्हे, हा इंग्रज व्हिस्की-लेखक) याचा शंभरपैकी गुण देणारा मार्गदर्शक ग्रंथ १९८९ मध्ये. म्हणजे ज्या शुद्धतेला आपण प्राचीन परंपरा समजतो, तिची प्रतिष्ठा मराठीतल्या नवकवितेपेक्षाही अलीकडची आहे.

सिंगल माल्टमधला धूर हा वारसा असतो. लॅगाव्हूलिनच्या कारागिराला वाटले म्हणून तो उद्या धूर काढून टाकू शकत नाही. डिस्टिलरीची ओळखच त्यावर उभी आहे. ब्लेंडेड माल्टमधला धूर मात्र कोणीतरी जाणूनबुजून घातलेला असतो. किती घालायचा, कुठल्या बेटाचा, कशाच्या शेजारी ठेवायचा, हे एका माणसाने टेबलापाशी बसून ठरवलेले असते. या धुराला लेखक असतो. म्हणून त्याची समीक्षा होऊ शकते, आणि व्हायला हवी. (दिवाळी अंकही संपादकाने केलेले मिश्रणच की. एकाच लेखकाची कादंबरी अंकापेक्षा ‘शुद्ध’ म्हणून श्रेष्ठ, असे कोणी म्हणत नाही.)

*

हा धूर येतो कुठून? बार्ली भिजवून तिला मोड आणतात आणि वेळीच वाळवून मोडाची वाढ थांबवतात. वाळवणाऱ्या भट्टीत इंधन म्हणून पीट जाळले की त्याचा धूर ओलसर दाण्यांच्या सालपटाला धरतो. पीट म्हणजे दलदलीत शेवाळ, गवत, हेदरची झुडपे अर्धवट कुजून, दबून झालेला थर. तो वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. वसंतात त्याच्या लांबट विटा कापून, आपल्याकडे गोवऱ्या रचतात तशा रचून वाऱ्यावर वाळवतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर झाडे कमी, म्हणून हेच जळण. चवीसाठी कोणी ते निवडले नव्हते. स्पेसाइडच्या खोऱ्यात १८६३ मध्ये रेल्वे पोहोचली, तिच्याबरोबर कोळसा आणि कोक आला, आणि तिकडच्या व्हिस्कीतला धूर हळूहळू विरळ होत गेला. बेटांवर तो राहिला. त्या बेटांतले मुख्य म्हणजे आयला. स्पेलिंग पाहून ‘इस्ले’ म्हणू नये. उच्चार ‘आयला’ असाच आहे. मराठी माणसाला तो शिकवावा लागत नाही, लॅफ्रॉइगच्या पहिल्या घोटाला तो आपोआप तोंडून निघतो.

म्हणजे धूर आधी नाइलाज होता. मग ब्लेंडर लोकांच्या हातात तो मसाला झाला. आयलाचे माल्ट ते चिमटीने वापरत. १९८०च्या दशकात व्हिस्कीचा महापूर आला, मागणी घटली, तेव्हा चिमटीचीही गरज उरली नाही. पोर्ट एलन १९८३ मध्ये बंद पडली. आर्डबेग १९८१ मध्ये बंद झाली, दशकाच्या अखेरीस पुन्हा पेटली, १९९६ मध्ये परत विझली. पुढच्याच वर्षी ग्लेनमोरांजीने ती विकत घेतली आणि बघता बघता धूर हाच दागिना झाला. आज ब्रुइक्लॅडी डिस्टिलरी ‘ऑक्टोमोर’ नावाची व्हिस्की काढते. तिच्या एका आवृत्तीच्या बार्लीतल्या फिनॉलचे प्रमाण दशलक्षांश तीनशेच्या वर होते. लॅगाव्हूलिनच्या बार्लीत ते साधारण पस्तीस असते.

हा प्रवास आपल्याला परका वाटू नये. आपल्या आज्या ज्या चुलीपुढे डोळे चोळत, खोकत आयुष्यभर बसल्या, त्याच चुलीच्या नावाच्या पाट्या आज महामार्गावर लागल्या आहेत: ‘चुलीवरचे मटण’, ‘चुलीवरचा चहा’. गॅसवरच्यापेक्षा महाग. जळणाची सक्ती संपल्यावरच धुराची चव लागते, हे पुणे-सातारा रस्त्यावरही खरे आहे आणि आयलावरही.

*

धुराबद्दल बोलायला मराठीत शब्द आहेत, पण ते विचित्र रीतीने वाटले गेले आहेत. ‘धुरकट’ हा दोष दाखवणारा शब्द. दूध धुरकटले, भाताला धूर लागला, की ते टाकायचे. ‘करपट’ त्याहून वाईट. दुसरीकडे धूप, ऊद आणि बाळाला न्हाऊमाखू घातल्यावर द्यायची ओव्याची धुरी. हे पवित्र किंवा औषधी धूर, जिभेपर्यंत न येणारे. ‘खमंग’ भाजण्याला, धुराला नव्हे. आणि निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याच्या भरताची जी चव आपण मिटक्या मारत खातो, तिला स्वतंत्र नावच नाही. इंग्रजी टिपणे वाचून ‘स्मोकी’ म्हणणारा मराठी रसिक म्हणूनच एका शब्दावर थांबतो. इंग्रजीतही हा शब्द आळशीच आहे; स्कॉच उद्योगासाठी काम करणाऱ्या एडिनबरोच्या पेंटलंड्स संशोधन संस्थेने १९७९च्या सुमारास गंधांचे चक्र तयार केले, तेव्हा त्यात धुराचे औषधी, पीटसारखा, धुरी दिलेल्या हेरिंग माशासारखा असे पोटभेद करावे लागले. त्या माशाचे भाषांतर ‘सुकट’ करू नये. आपली सुकी मासळी उन्हाने वाळते, धुराने नव्हे. वासाची जात पूर्ण वेगळी.

या धुरात फिनॉल कुळातली संयुगे असतात. त्यांतले फिनॉल म्हणजे कार्बोलिक ॲसिड. ग्लासगोच्या रुग्णालयात १८६५ मध्ये जोसेफ लिस्टरने जखमा निर्जंतुक करण्यासाठी जे वापरले, तेच. माझ्या पिढीला हा वास कार्बोलिक साबणाचा आणि इस्पितळाच्या फिनेलने पुसलेल्या फरशीचा म्हणून ठाऊक आहे. क्रेसॉल हा त्याचा भाऊ, डांबरट आणि औषधी. लॅफ्रॉइगमध्ये ज्याला लोक ‘दवाखाना’ म्हणतात, तो या दोघांचा. (ज्या राज्यात दारूचा परवाना ‘आरोग्य राखण्यासाठी’ म्हणून मिळतो, तिथे या वासाला तक्रार असू नये.) ग्वायाकॉल मात्र वेगळा: गोडसर लाकडी धूर, शेकोटीचा. आणि गंमत अशी, की लवंगेचे युजेनॉल आणि व्हॅनिलाचे व्हॅनिलिन हे दोन्ही ग्वायाकॉलच्याच सांगाड्यावर उभे आहेत. म्हणजे पीटचा धूर, मसाल्याच्या डब्यातली लवंग आणि ओकच्या पिंपातून उतरणारा व्हॅनिला हे रेणूंच्या पातळीवर चुलत नातेवाईक. धूर आणि गोडवा एकमेकांत इतके सहज का मुरतात याचे हे एक कारण असावे, असा माझा कयास आहे.

दशलक्षांशाचा आकडा हा मात्र चवीचा आकडा नाही, आणि दुकानदार तो तसा विकतात हा माझा आक्षेप आहे. तो मोजला जातो गाळण्यापूर्वीच्या बार्लीत. काओल ईला आणि लॅगाव्हूलिन या दोन डिस्टिलऱ्या एकाच मालकाच्या, एकाच बेटावरच्या; दोघींची धुरावलेली बार्ली पोर्ट एलनच्या एकाच माल्टखान्यातून जवळपास त्याच मापाची येते. तरी लॅगाव्हूलिन जड, तेलकट, रापलेली. काओल ईला सडसडीत आणि लख्ख. फरक पडतो तो तांब्याच्या भांड्यांच्या आकाराने, ती किती भरली यावरून आणि धार कधी तोडली यावरून. गाळताना फळांचे हलके गंध आधी येतात, धूर उशिरा येतो. कारागीर जितका वेळ थांबेल तितका धूर अधिक, आणि फार थांबला तर घामट चामड्याचा वासही पदरात पडतो. पुढे पिंपात वर्षे जातील तसा धूर ओसरतो. या शेवटच्या वाक्यात धुराच्या व्हिस्कीचे अर्थकारण आहे. बिनधुराची पाच वर्षांची व्हिस्की कच्ची, पिठूळ लागते आणि ते झाकता येत नाही. धुराची पाच वर्षांची व्हिस्की ऐन जोमात असते, आणि तिचा कच्चेपणा धुरामागे लपतो. म्हणून बाजारातल्या बहुतेक ‘राक्षसी’ धुराच्या बाटल्यांवर वयाचा आकडा नसतो.

तेव्हा समीक्षकाने विचारायचा प्रश्न ‘धूर किती’ हा नाही. धुरातून पलीकडचे काय दिसते, हा आहे. धूर पडदा आहे की कंदील?

*

हा प्रश्न मी तीन बाटल्यांना लावून पाहिला. पद्धत साधी: ट्यूलिपच्या आकाराचा निमुळता पेला, बर्फ नाही, सोडा नाही, आधी नुसती आणि मग चमचाभर पाणी घालून. पाणी घालणे म्हणजे व्हिस्कीचा अपमान, असे मानणाऱ्यांसाठी एक शास्त्रीय आधार देतो. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्ल्सॉन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिकृतींच्या आधारे दाखवले, की अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असते तेव्हा ग्वायाकॉलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाशी गोळा होतात. ५९ टक्क्यांच्या वर ते अल्कोहोलच्या गराड्यात आत दडून राहतात. धूर हुंगायचा तर पाणी हवे. आपल्याकडची पाणी घालण्याची रीत शास्त्राला धरून आहे. पेला काठोकाठ भरण्याची नाही.

पहिली बाटली ‘जॉनी वॉकर ग्रीन लेबल’. १९९७ मध्ये ती ‘प्युअर माल्ट’ म्हणून आली, पुढे ग्रीन लेबल झाली, २०१२च्या सुमारास तैवान वगळता बहुतेक बाजारांतून काढून घेतली गेली आणि २०१६ मध्ये परतली. ४३ टक्के, आणि आतला प्रत्येक माल्ट किमान पंधरा वर्षांचा. टॅलिस्कर, काओल ईला, क्रॅगनमोर आणि लिंकवूड या चौघांची नावे कंपनी स्वतः सांगते. पहिल्या वासाला धूर जाणवतच नाही. फुले, हिरवे सफरचंद, ताजे रंधलेले लाकूड. मग जिभेवर मिरी येते, ती टॅलिस्करची, आणि घोट उतरल्यावर दोन-तीन श्वासांनी नाकात मागून धूर येतो, शेजारच्या वाड्यात कोणी बंब पेटवल्यासारखा. लिंकवूडची फुले त्याने झाकली जात नाहीत, उलट त्यांना खोली मिळते. हा कंदील. माझी तक्रार एकच: सगळे कोपरे इतके घासूनपुसून गुळगुळीत केले आहेत की चौघांमध्ये कुठे खटका उडतच नाही. चार गवय्यांनी एकमेकांना ‘आधी आपण’ म्हणत राहावे तसे होते.

दुसरी ‘बिग पीट’, ग्लासगोच्या डग्लस लेंग या घराण्याची, २००९ पासून. सारे माल्ट आयलाचे: आर्डबेग, काओल ईला, बोमोर आणि पोर्ट एलन अशी नावे सांगितली जातात. ४६ टक्के. लेबलावर वाऱ्याने गाल लाल झालेल्या दाढीवाल्या बेटकऱ्याचे व्यंगचित्र. इथे धूर दारातच गळ्यात पडतो. डांबर, ओले दोरखंड, विझवलेल्या होळीची दुसऱ्या दिवशीची राख. मजा येते, हे नाकारणार नाही. पावसाळी रात्री ही बाटली मी ग्रीन लेबलच्या आधी उघडीन. पण पाणी घालून, अर्धा तास ठेवून, पुन्हा पुन्हा हुंगून मी आर्डबेग आणि काओल ईला वेगळे काढू शकलो नाही, आणि बोमोरची फुले तर कुठेच दिसेनात. सगळे एकाच पट्टीत, एकाच जोरात गातात. पोर्ट एलनचे नाव इथे चवीसाठी नाही, अवशेषासाठी आहे. १९८३ मध्ये बंद पडलेल्या आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू होईपर्यंत आख्यायिका बनलेल्या डिस्टिलरीचे काही थेंब, चांदीच्या डबीत जपलेल्या गंगाजलासारखे. श्रद्धेला ते पुरे. जिभेला ते सापडत नाहीत. हा पडदा. नक्षीदार आहे, पण पडदाच.

तिसरी ‘पीट मॉन्स्टर’, आणि खरी चर्चा हिचीच. लंडनच्या कंपास बॉक्स कंपनीची. जॉन ग्लेझर या अमेरिकन गृहस्थाने जॉनी वॉकरच्या विपणन विभागातली नोकरी सोडून २००० मध्ये ती स्थापन केली. स्वतःची डिस्टिलरी नाही. दुसऱ्यांची पिंपे विकत घ्यायची आणि रचना करायची. नाव ‘मॉन्स्टर’, पण पेल्यात राक्षस नाही. ४६ टक्के, रंग घातलेला नाही, थंड करून गाळलेली नाही. माझ्याकडे दहा-बारा वर्षांपूर्वीच्या जुन्या घडणीची एक आणि २०१९ मध्ये बदललेल्या घडणीची एक, अशा दोन आहेत. नव्या घडणीत मुख्य भाग काओल ईलाचा, त्याखालोखाल लॅफ्रॉइग, आणि नव्या फ्रेंच ओकमध्ये मुरलेले हायलंड माल्टचे अगदी अल्प मिश्रण.

नवीचे वर्णन मला इंग्रजी टिपणांत कधी पटले नाही, मराठीत मात्र एका झटक्यात सापडले. निखाऱ्यावर भाजलेले कणीस, त्यावर मीठ लावून घासलेली लिंबाची फोड. काओल ईलाचे हे इतके अचूक वर्णन आहे की मी आता दुसरे शोधत नाही: धूर आहे, लिंबू आहे, मीठ आहे आणि खाली दाण्याचा गोडवा आहे. लॅफ्रॉइग त्यात टिंक्चर आयोडीनचा एक फराटा ओढते, तोही कडेने. चमचाभर पाण्याने नाशपाती उघडते, मग लवंग. ही लवंग बहुधा त्या फ्रेंच ओकची. धूर पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर असतो, तरी प्रत्येक टप्प्यावर त्याच्या पलीकडे काहीतरी दिसत राहते. वयाचा आकडा नाही, व्हिस्की फार जुनी नाही हे कळते, पण कच्चेपण लपवलेले नाही. लिंबाच्या रूपाने ते पुढेच आणून ठेवले आहे. रचनाकाराचा निर्णय म्हणतात तो हा.

*

आता या रचनाकाराला आपली रचना सांगण्याचा अधिकार किती? युरोपीय संघाच्या नियमांनुसार, आणि ब्रिटनच्याही, व्हिस्कीच्या वयाचा उल्लेख करायचाच तर तो तिच्यातल्या सर्वांत तरुण घटकाच्या वयाचाच करता येतो. हेतू चांगला: तीन वर्षांच्या व्हिस्कीत चमचाभर तीस वर्षांची घालून ‘तीस’ छापू नये. पण २०१५ मध्ये कंपास बॉक्सने आपल्या दोन व्हिस्क्यांच्या सर्व घटकांची नावे, प्रमाण आणि वये प्रसिद्ध केली, तेव्हा तोच नियम तिच्यावर उगारला गेला. फसवणूक करणाऱ्यासाठी केलेला कायदा सगळे खरे सांगणाऱ्याला लागू झाला. माहिती मागे घ्यावी लागली. २०१६ मध्ये कंपनीने नियमबदलासाठी मोहीम काढली, इतर काही उत्पादकांनी साथ दिली, नियम बदलला नाही. ज्याला हवे त्याने व्यक्तिशः विचारावे, मग सांगू, अशी पळवाट कंपनीने काढली.

याच कंपनीच्या ‘स्पाइस ट्री’ला स्कॉच व्हिस्की असोसिएशनने त्याआधी हरकत घेतली होती, पिंपाच्या आत फ्रेंच ओकच्या जादा फळ्या बसवल्या म्हणून, ते परंपरेत बसत नाही असे म्हणून. फळ्या काढून पिंपाची झाकणे फ्रेंच ओकची केली, तेव्हा ती परंपरेत बसली. आपल्याकडे पुराणमतवाद्यांची चेष्टा करणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

परंपरा आणि माती यांचा फार उदोउदो होतो म्हणून एक नोंद. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन ही सिंगल माल्ट बनते. बार्ली भारतीय, उकाडा गोव्याचा, पण तिच्या धुरकट प्रकारांसाठी पीट येते स्कॉटलंडहून. कोणाला यात खोटेपणा वाटतो. मला वाटत नाही. खुद्द आयलावरच्या डिस्टिलऱ्याही बार्ली दीर्घकाळ मुख्य भूमीवरून बोटीने आणत आल्या आहेत. धूर मातीतून आपोआप उगवत नाही. कोणीतरी तो आणतो, पेटवतो आणि कुठे थांबायचे ते ठरवतो.

राहिली ती पीट मॉन्स्टरची जुनी बाटली. तिच्या घडणीत आयलाबरोबर आर्डमोर होती. आर्डमोर बेटावरची नव्हे, ॲबर्डीनशायरमधली. तिचा धूर मुख्य भूमीवरच्या पीटचा: आयोडीन नाही, समुद्र नाही, कोरडा, मातकट, शेतात पाचट जाळल्यानंतर संध्याकाळी खाली बसणारा. जुन्या पीट मॉन्स्टरमध्ये हे दोन धूर एकमेकांसमोर उभे होते, एक ओला आणि एक कोरडा, आणि त्यांचे भांडण मिटता मिटता घोट संपायचा. नवी घडण अधिक सुबक आहे, अधिक स्वच्छ आहे, आणि माझ्या मते एका पायरीने लहान आहे. भांडण काढून टाकले की सुबकपणा येतोच. नव्या घडणीची तरफदारी करणारे म्हणतात की आता ती एका नजरेत कळते. मला ती तशी कळायला नको होती.

आर्डमोर १८९८ मध्ये टीचर्स घराण्याने बांधली ती आपल्या ब्लेंडसाठी, आणि आजही टीचर्समधला धूर तिचाच आहे. टीचर्स भारतात बाटलीबंद होते आणि तालुक्याच्या गावच्या परमिट रूममध्येही मिळते. तिच्यात ग्रेन आहे, चव पातळ आहे. पण बर्फ आणि सोडा बाजूला ठेवून, निम्मे पाणी घालून, पेला हाताच्या ऊबेवर पाच मिनिटे धरला, तर तो कोरडा धूर अजून वर येतो.